आण्णांबरोबर गिधाडांच्या गावी

घरापासून दीड तासाच्या अंतरावर जाऊन आलेल्या माणसानं प्रवासाबद्दल लिहावं का, असा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. आमच्या हॉस्टेलवरच्या मुली सुट्टीत केरळ, सिक्कीम असं कुठं कुठं जाऊन येतात. मी गेले ती दौंडहून शिरूर तालुक्यातल्या एका गावाला, वडिलांच्या जुन्या स्कूटरवर मागं बसून. त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. घरट्याचा पत्ता छापायचा नाही, हा आमच्या विषयातला शिष्टाचार आहे. शिवाय ते गाव आमचंच आहे, आणि त्याचं नाव घ्यायला आमच्या घरात तसंही कुणाला आवडत नसे.

मी पुण्यात प्राणिशास्त्रात संशोधनाची एमएस्सी करते. म्हणजे वर्गात बसून परीक्षा द्यायच्या नाहीत, एक विषय घ्यायचा, तो जागेवर जाऊन अभ्यासायचा आणि शेवटी प्रबंध लिहायचा. माझा विषय पांढऱ्या पाठीचं गिधाड आणि त्याची वीण. शिरूर आणि दौंड तालुक्यांत नदीकाठच्या मोठ्या झाडांवर त्यांची घरटी असत. असत म्हणते, कारण दोन वर्षांत ती एकेक करून रिकामी होत गेली होती आणि कारण कुणालाच सांगता येत नव्हतं. नवं शतक सुरू होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता, तेव्हा आमच्या गाईड मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सुजाता, एकदा शेवटचं जाऊन ये," त्या म्हणाल्या. "घरटीच उरली नसतील तर विणीवर प्रबंध कसा लिहिणार? मग आपण विषय बदलू. सुरवातीपासून."

सुरवातीपासून म्हणजे आणखी दोन वर्षं. तेवढं थांबणं घरी जमण्यासारखं नव्हतं.

दौंड

आधीच्या दोन्ही हंगामांत माझ्याबरोबर वर्गातली मैत्रीण असायची. यंदा तिचं लग्न झालं. मी एकटी जाते म्हटल्यावर आईनं काळजीचा सूर लावला, आणि आण्णा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मी येतो. रजा शिल्लक आहे."

आई आणि मी एकमेकींकडं बघत राहिलो. आण्णा रेल्वेत पॉइंट्समन. रूळ बदलून गाड्या योग्य मार्गावर लावण्याचं त्यांचं काम. बोलणं कमी. मी पहिल्यांदा माझा विषय सांगितला, तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला होता. "दुसरा पक्षी नाही का?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हटल्यावर त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही.

त्यांना काय लागलं ते मला ठाऊक होतं. माझ्या आजोबांच्या वाट्याला गावची मेलेली ढोरं ओढून नेण्याचं काम होतं. धम्मदीक्षा घेतल्यावर आजोबांनी ते सोडलं. सोडल्यावर गावात राहणं अवघड झालं, म्हणून बायकापोरांना घेऊन ते दौंडला आले आणि रेल्वेच्या गँगमध्ये लागले. आण्णा तेव्हा लहान होते. नंतर ते गावी गेले ते एखाद्या मयतीला, आणि तेही त्याच दिवशी परत. अशा घरातली पोरगी शिकून सवरून गिधाडांमागं निघाली, म्हणजे पुन्हा मेलेल्या ढोरांजवळच निघाली. त्यांना वाईट वाटणार हे मी धरून चालले होते. ते माझ्याबरोबर येतील हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

पारगावचा पूल

पाटस, चौफुला करत भीमेवरच्या पारगावच्या पुलापाशी आलो आणि मागचं चाक बसलं. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नव्हती. आण्णांनी स्कूटरकडं असं पाहिलं, जणू तिनं ड्युटीला दांडी मारली होती. मग ढकलत ढकलत पुढं निघालो. थंडी चांगली होती. नदीवरून वाफा निघत होत्या आणि उसाच्या बैलगाड्या चाकं कुरकुरत कारखान्याकडं चालल्या होत्या.

पुलापलीकडं पंक्चरचं दुकान होतं, पण पंक्चरवाला अजून आला नव्हता. शेजारच्या रानात एक बाई आणि तिचा दीर हुरडा भाजत होते. त्यांनी आम्हाला बघून हाक मारली. गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसलेली, पोत्यावर चोळून काढलेले हिरवे दाणे, सोबत लसणाची चटणी आणि गूळ. आमच्या रेल्वे कॉलनीत सकाळी बेकरीचा पाव आणि चहा. शेजारी तमिळ, पलीकडं बिहारी, कुणाच्या घरी काय शिजतं ते वासावरून कळायचं. हुरडा आमच्याकडं कधी कुणी आणला तर पिशवीतून, गार झालेला. आगटीपाशी बसून गरम दाणे तळहातावर घेण्याची मजा मला तोवर माहीत नव्हती.

आण्णा उकिडवे बसले आणि त्यांनी एक कणीस उचलून दोन्ही तळव्यांत असं काही चोळलं, की दाणे एका बाजूला आणि भुसा एका बाजूला. फुंकर मारून त्यांनी ते माझ्यापुढं धरले.

"हे कधी शिकलात?" मी विचारलं.

"लहानपणी," ते म्हणाले. "गावी."

गावी हा शब्द त्यांच्या तोंडून मी फार कमी वेळा ऐकला होता.

"कुनीकडं निघालाव?" बाईनं विचारलं. मी गिधाडांचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आण्णा म्हणाले, "न्हावऱ्याकडं. कामाला." मी गुळाचा खडा तोंडात टाकला.

गावाबाहेर

गावात शिरण्याआधीच आण्णांनी स्कूटर ओढ्याच्या कडेनं वळवली. मी वाट सांगितली नव्हती. मैत्रिणीबरोबर इथं आले होते तेव्हा आम्ही दोनदा चुकलो होतो. ते थेट माळावर जाऊन थांबले. हीच ढोरं टाकायची जागा.

एक बैल पडला होता. दोन-तीन दिवसांचा असावा. कावळे होते, चार कुत्री होती, माशा होत्या. वास इतका की मी ओढणी नाकाला धरली. आकाशात मात्र घारीखेरीज काही नव्हतं. मी दुर्बीण लावून चारी दिशांना बघितलं. दोन वर्षांपूर्वी याच माळावर गिधाडांची इतकी दाटी होती, की खालचं जनावर दिसत नव्हतं.

आण्णा एका बाभळीखाली उभे होते. मी जवळ गेले तर ते आपल्याशीच बोलल्यासारखे बोलू लागले.

"ती खाली यायची तेव्हा आवाज व्हायचा. जुनं धोतर फाडल्यासारखा. मी बापाबरोबर यायचो. तुझे आजोबा पहाटे उठायचे ते रात्रीपर्यंत कुणाचं ना कुणाचं काम. पण ढोर इथं आणून टाकलं, सोलून झालं आणि गिधाडं उतरली, की त्यांचं काम संपायचं. मग ते या बाभळीखाली बसायचे. मला मांडीवर घ्यायचे. विडी ओढायचे. त्यांना बसलेलं मी तेवढंच बघितलंय."

मी त्यांच्याशेजारी बाभळीला टेकले.

"मला गिधाडं आवडायची, सुजा," ते म्हणाले. "ती आली की बाप मोकळा व्हायचा."

"मग तुम्हाला माझा विषय का नाही आवडला?"

त्यांनी गावाच्या दिशेनं पाहिलं. "तू इथं उभी राहणार. आणि तिथून कुणीतरी बघणार, की धोंडिबाची नात पुन्हा ढोराजवळ उभी आहे. ते मला सोसत नव्हतं. एकटी तर नाहीच नाही."

म्हणजे ते मला थांबवायला आले नव्हते. मी एकटी उभी दिसू नये म्हणून आले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि वासामुळं आलं असं दाखवायची सोय होती, ती मी वापरली.

आंब्याखाली

नदीकाठी एका मळ्यात जुना आंबा आहे. गिधाडांच्या विष्ठेनं त्याच्या वरच्या फांद्या चुना मारल्यासारख्या झाल्या आहेत. मळा सोपानमामांचा. सत्तरीचे, उंच, गावातले मोठे शेतकरी. मागच्या दोन्ही वर्षी त्यांनी मला झाडाखाली बसू दिलं होतं, आणि मी कुणाची कोण हे कधी विचारलं नव्हतं. यंदा माझ्यामागं आण्णांना येताना पाहून त्यांनी कपाळावर हात आडवा धरून नीट पाहिलं.

"धोंडिबाचा लक्ष्मण का तू?"

"व्हय," आण्णा म्हणाले. पुण्या-दौंडात 'हो' म्हणणारे माझे वडील तिथं 'व्हय' म्हणाले.

"चालतुस अगदी बापावानी. आन् ही पोरगी तुझी? दोन वरीस येती हितं, कवा बोलली न्हाई."

"विचारलं नाहीत तुम्ही," मी म्हटलं, तसे ते हसले.

मग मी वर पाहिलं. पूर्वी भरलेली घरटी आता काटक्यांचे नुसते ढीग होती. एकाच घरट्यात पिल्लू होतं, राखाडी लव अंगावर असलेलं, मान काढून बसलेलं. शेजारी एक मोठा पक्षी. दुसरा मोठा जरा खालच्या फांदीवर, मान छातीवर टाकून. गिधाडांत नर आणि मादी दोघंही पिल्लाला भरवतात, आळीपाळीनं जातात. म्हणून मी खालच्याला 'विश्रांती' असं टिपून घेतलं.

"तो बरा नाही," आण्णा म्हणाले.

"उन्हाला असे बसतात ते."

"ऊन कुठं आहे?"

खरंच नव्हतं. तो पक्षी मधेच मान उचलायचा, इकडंतिकडं बघायचा आणि मान पुन्हा हळूहळू खाली यायची, झोप अनावर झालेल्या माणसासारखी. मरण्याआधी गिधाडं अशी मान टाकतात हे मी मॅडमकडून ऐकलं होतं, पण बघितलं नव्हतं. बघून मला भीती वाटली.

दुपारी मामींनी जेवायला बोलावलं. हुलग्याची शेंगोळी, बाजरीची भाकरी, कांदा. त्यांनी आत ताटं मांडली होती. आण्णा अंगणात चपलांपाशीच थांबले. "मी हितंच बसतो. हवा आहे," ते म्हणाले. कुणी त्यांना अडवलं नव्हतं. पण पाऊल उचलत नव्हतं एवढं खरं. मामी दारात ताट घेऊन घुटमळल्या. तेवढ्यात सोपानमामा आपलं ताट हातात घेऊन बाहेर आले आणि आण्णांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"आत गार लागतंय मला," ते म्हणाले.

मग मामीही बाहेर आल्या आणि आम्ही चौघं अंगणातच जेवलो. बोलणं पावसाचं, उसाचं, रांजणगावच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरांचं झालं. जुनं कुणीच काढलं नाही. शेंगोळी मी दोनदा मागून घेतली. आमच्या आईचीही चांगली होते, पण ती लसूण कमी घालते.

मुक्कामाला आम्ही शिरूरला आत्याकडं गेलो. सकाळी परत आलो तेव्हा तो पक्षी झाडाखाली ज्वारीत पडला होता. पंख अर्धवट उघडे, मान एका बाजूला. वर पिल्लाजवळ त्याचा जोडीदार बसून होता.

मला एकाच वेळी रडू येत होतं आणि काय करायचं ते सुचतही होतं. ताजा मृत पक्षी मिळणं अतिशय दुर्मीळ होतं. बहुतेक वेळा कळायच्या आत कुत्री नेत. मरणाचं कारण शोधायचं तर तो लवकरात लवकर, बर्फात ठेवून पुण्याला पोचायला हवा होता. वनखात्याची परवानगी माझ्याकडं होती. मी न्हावऱ्याच्या एसटीडी बूथवर जाऊन मॅडमना फोन केला. "आज घेऊन ये," त्या म्हणाल्या. "कसंही कर, पण आज."

परत आले तर सोपानमामा आण्णांना सांगत होते, "थांबा, वस्तीवरनं कुनालातरी बलावतो. उचलून दील."

ते अगदी सहज बोलले होते, मदत म्हणून. पण वस्ती म्हणजे कुठली, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मामा बोलून गेले आणि मग त्यांच्याही लक्षात आलं. ते खाली बघू लागले.

मी पिशवीतून रबरी हातमोजे काढले. "मी उचलते. माझं काम आहे."

आण्णांनी माझ्या हातातून मोजे घेतले आणि स्वतःच्या हातांत चढवू लागले.

"आण्णा, नको. तुम्ही नको."

"का?"

आजोबांनी गाव सोडलं ते याच गोष्टीसाठी, हे मी कसं म्हणणार होते.

"तुझ्या आजोबांना उचलायला लावायचे," आण्णा शांतपणे म्हणाले. "मला कुणी लावत नाहीये. तू पिशवी धर."

ते ज्वारीत वाकले. गिधाड मेल्यावर किती मोठं वाटतं ते सांगता येणार नाही. पंख पसरले तर माणसापेक्षा लांब. आण्णांनी आधी एक पंख मिटला, मग दुसरा, शर्टाच्या बाह्यांची घडी घालावी तसा, हळुवार हातानं. लोंबणारी मान अलगद उचलून त्यांनी पंखाखाली सरकवली. मग दोन्ही हातांवर तो पक्षी घेऊन उभे राहिले. सोपानमामा पुढं झाले आणि त्यांनी पिशवीचं दुसरं टोक धरलं.

पुण्याची शटल

बर्फ आम्हाला दौंडच्या मासळीवाल्याकडं मिळाला. त्यानंच थर्माकोलचा मोठा खोका दिला. स्कूटरवरून येताना ती पिशवी आण्णांच्या पायांपाशी आणि माझा जीव तिच्यात. घरी आईनं खोक्याकडं एकदा, आण्णांकडं एकदा बघितलं आणि डबा भरून दिला.

पुण्याच्या शटलमध्ये आण्णांनी खोका मांडीवर घेतला. खाली ठेवा म्हटलं तर ऐकेनात. बर्फ वितळून त्यांची पँट ओली होत होती. समोरच्या माणसानं विचारलं, "मासे का?" आण्णांनी नुसती मान डोलावली. यवत गेलं, उरुळी गेलं. मधेच ते खोक्यावर हात ठेवून म्हणाले, "त्या पिल्लाचं काय होणार?"

"एकटा पालक किती दिवस पुरा पडेल सांगता येत नाही," मी म्हटलं. "तो खायला शोधायला लांब गेला, तर पिल्लू एकटं राहणार. आणि तोही आजारी पडला तर..."

त्यांनी खोका आणखी जवळ ओढला.

प्रयोगशाळेत मॅडमनी पक्षी उघडला तेव्हा आण्णा बाहेर बाकावर बसले होते. आतल्या अवयवांवर खडूची पूड उडवल्यासारखा पांढरा थर होता. मूत्रपिंडं निकामी झाली की असं होतं. पण ती का निकामी झाली, ते मॅडमनाही सांगता येईना. त्यांनी नमुने तपासणीसाठी पाठवले. हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही. मात्र त्या संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "विषय बदलायचा नाही. वीण नाही, तर घट. कुठं किती होती आणि कुठं उरली नाहीत, ते गावोगाव जाऊन लिही. हेही कुणीतरी करायलाच हवं."

मग बाहेर जाऊन त्यांनी आण्णांना चहा दिला. "फार चांगला ठेवलात हो," त्या म्हणाल्या. "एक पीस मोडलं नाही." आण्णांनी कप दोन्ही हातांनी धरला. त्यांचे कान लाल झाले होते.

एप्रिल

मला फेब्रुवारी-मार्च पुण्यातच अडकून पडावं लागलं. आण्णांनी मात्र साप्ताहिक सुट्टीला स्कूटर काढायला सुरवात केली. आई फोनवर तक्रार करायची, की हा माणूस सकाळी डबा घेऊन जातो आणि संध्याकाळी मान अवघडून परत येतो. आण्णा स्वतः हॉस्टेलवर फोन करायचे आणि थोडक्यात सांगायचे. "आहे." "मोठा आज उशिरा आला, पण आला." "पंख हलवून बघतंय."

मार्चच्या शेवटी एकदा भर दुपारीच, न्हावऱ्याच्या बूथवरून त्यांचा फोन आला.

"आण्णा?"

"मी होतो तेव्हाच गेलं," ते म्हणाले. "फांदीवर आलं, बसलं, आणि मग नदीवरून गेलं. मोठा मागनं गेला. सोपानमामा म्हणत होते, माडीवर चढून बघू. आम्ही दोघं माडीवर चढलो. लांबपर्यंत दिसत होती दोघं."

मी एप्रिलमध्ये गेले तेव्हा झाड रिकामं होतं. त्या दोघांचं पुढं काय झालं मला माहीत नाही. मामी म्हणाल्या, अजूनही सकाळी उठून वर बघायची सवय गेलेली नाही.

त्या दिवसापासून नवं काम सुरू झालं. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या गावांना जायचं, ढोरं टाकायच्या जागा बघायच्या, जुन्या लोकांना विचारायचं. पहिलं गाव मला अजिबात ओळखीचं नव्हतं. ऊन कडक होतं. देवळाजवळच्या पारावर चार-पाच माणसं बसली होती. विचारायला मी उतरणार, तेवढ्यात आण्णांनीच स्कूटर स्टँडला लावली आणि पुढं गेले.

"रामराम," ते म्हणाले. "गावची ढोरं टाकायची जागा कुठं हाय?"

माणसांनी आम्हा दोघांकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठलं तुमी? कुनातलं?"

मी आण्णांकडं पाहिलं. ते सरळ उभे होते.

"दौंडचे. आम्ही बौद्ध," ते म्हणाले. "ही माझी मुलगी. गिधाडांवर एमएस्सी करतीय. तिला ती जागा बघायचीय."

"गिधाडं?" म्हातारा म्हणाला. "लई दिसात न्हाई बघितली." त्यानं थोडा वेळ आभाळाकडं पाहिलं. मग तो पारावरून उतरला, पायानं चपला शोधल्या आणि आमच्या पुढं चालू लागला.